हजर नऊ, रजेवर एक

महसूल खात्याचे वर्ष १ ऑगस्टला उजाडते, सरकारी हिशेबाचे १ एप्रिलला आणि शाळेचे जूनच्या मध्यावर. परंतु या तिन्ही वर्षारंभांना ज्याने कमीअधिक शांतपणे तोंड दिले आहे अशा माझ्यासारख्या जुन्या नोकरालाही ज्या प्रारंभाची खरीखुरी धास्ती वाटते, तो म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना पहिली पाळी लागलेल्या आठवड्याचा सोमवार. हा सोमवार पहाटे सव्वाचार वाजता, शेजाऱ्यांना हमखास आणि मला क्वचित जागे करणाऱ्या एका गजराच्या घड्याळाने सुरू होतो.

सौभाग्यवती एस.टी.त वाहक आहेत आणि मी तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून आहे. माणसे हलती ठेवणे हा तिचा व्यवसाय आणि कागद हलू न देणे हा, असे लोक म्हणतात, माझा. पहिली पाळी म्हणजे पहाटे पावणेपाचला आगारात हजेरी, तिकिटांचे यंत्र ताब्यात घेणे आणि साडेपाचची स्वारगेटची गाडी. परत येऊन, रोकड भरून, हिशेब मिटवून ती घरी पोचते तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात. तात्पर्य, सकाळच्या संस्थानाचा कारभार त्या आठवड्यापुरता मजकडे येतो, आणि माझे एकंदर अधिकार फ्रिजच्या दारावर चुंबकाने चिकटवलेल्या एका कागदात सामावलेले असतात. त्या कागदावर फक्त हुकूम असतात, कारणमीमांसा नसते. "धाकट्याचे दूध गाळून. थोरलीची वेणी दोन, एक नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजा, अंदाज नको." वीस वर्षे मी लोकांना त्रुटींची पत्रे लिहीत आलो; त्रुटी काढणाऱ्याच्या लेखणीला किती धार असते, हे मला त्या कागदाने शिकवले.

राज्यातल्या चौथीपर्यंतच्या मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून त्यांच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असे २०२४-२५ पासून शासनाने ठरविले, ते अतिशय स्तुत्य आहे. अडचण एवढीच, की शासनानेच आम्हांला २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा देताना कचेरीची वेळ पावणेदहा केली. त्यामुळे नऊ आणि पावणेदहा यांच्या मधल्या पाऊण तासात माझे जे काही व्हायचे असेल ते होते. मुलांच्या झोपेविषयी म्हणाल, तर शाळा असेल त्या दिवशी त्यांना साडेसातपर्यंत जप्तीच्या मालासारखे उचलून मोरीत नेऊन ठेवावे लागते, आणि रविवारी ती साडेपाचला आपण होऊन उठतात.

चिरंजीवांचे वय सहा. आईच्या व्यवसायाचा त्यांना दांडगा अभिमान. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्यास गेली, हे त्यांस मुखोद्गत आहे. स्वतःची जन्मतारीख विचारली तर मात्र ते बहिणीकडे पाहतात. पाच वर्षे पुरी झाल्यामुळे आता आपले अर्धे तिकीट लागते, ही त्यांच्या आजवरच्या आयुष्यातली सर्वांत मोठी बढती होय. (यावर चौथीतल्या थोरलीचे म्हणणे असे, की बारा वर्षांखालच्या मुलांना अर्धे आणि २०२३ पासून सगळ्या बायकांनाही अर्धे, तर मुलगी या नात्याने आपले पाव तिकीट लागले पाहिजे. आईने हा दावा काढून टाकला आहे. तिने अपील माझ्याकडे केले असून ते मी, रिवाजाप्रमाणे, प्रलंबित ठेवले आहे.) तर या चिरंजीवांनी जेवणाची एक पद्धत पाडली आहे. एक घंटी वाजली की गाडी थांबते आणि दोन वाजल्या की सुटते, हा एस.टी.चा कायदा. त्यास अनुसरून ते तोंड बंद करून बसतात. मी चमचा ताटलीवर दोनदा वाजवून "आ कर" असे म्हटल्याखेरीज घास आत जात नाही, आणि चुकून एकदाच वाजला तर अर्ध्या वाटेत चर्वण थांबते. वाचकांना हा पोरखेळ वाटेल. पाच दिवस, दिवसातून चाळीस वेळा, हा पोरखेळ करून पाहावा. हात आपोआप वाजवू लागतो, तोंड आपोआप बोलू लागते, आणि त्यातून पुढे काय ओढवू शकते ते यथावकाश सांगतो.

त्या रविवारी रात्री दहा वाजून चाळीस मिनिटांनी, म्हणजे ज्या वेळी कोणतेही दुकान उघडे नसते आणि कोणताही पालक उठून बसण्याच्या मनःस्थितीत नसतो त्या वेळी, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निरोप आला: चौथीच्या सर्व मुलांनी दहा हरभरे ओल्या फडक्यात ठेवून आठवडाभर निरीक्षणाची वही लिहावी, शिवाय मंगळवारी घरातील एक जुनी वस्तू माहितीसह आणावी. निरोपाखाली सत्तावीस पालकांनी हात जोडले. अठ्ठाविसाव्याने "हरभरे काळे की काबुली?" असे विचारले आणि वाद मध्यरात्रीपर्यंत चालला. मी तेवढ्यात उठून दहा हरभरे मोजून भिजत घातले. मोजून, हा शब्द ध्यानात ठेवावा.

जुन्या वस्तूचे प्रकरण अल्पावकाशात निकाली निघाले. आमच्या घरात आजीच्या वेळचे पितळी मापटे आहे. तांदूळ मोजायला आम्ही अजून तेच वापरतो. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अधोली, दोन अधोल्या म्हणजे एक पायली, बारा पायल्या म्हणजे एक मण आणि वीस मण म्हणजे एक खंडी, हे सारे मी थोरलीला भाकरी थापता थापता सांगितले, आणि ज्ञानदानाच्या त्या समाधानात एक भाकरी करपली. तिने वहीत काय लिहिले ते मात्र मी वाचले नाही. बाईंनी वाचले, वर्गालाही वाचून दाखवले. त्यात कोष्टक नव्हते. "हे मापटे आहे. याने आई तांदूळ मोजते तेव्हा भात पुरतो. बाबा मोजतात तेव्हा पुरत नाही. हे फार जुने आहे," एवढेच होते.

माझ्या स्वयंपाकाविषयी हा पूर्वग्रह असल्यामुळे डब्याच्या बाबतीत मी आमच्या खात्याची पद्धत घरी लागू केली. ज्यांना शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी खुलासा असा, की खरिपाच्या पिकांची नजरअंदाज पैसेवारी ३० सप्टेंबरला, सुधारित ३१ ऑक्टोबरला आणि अंतिम १५ डिसेंबरला जाहीर होते, आणि ती पन्नास पैशांच्या आत आली की गावाला टंचाईच्या सवलती मिळतात. माझ्या डब्याची नजरअंदाज पैसेवारी सकाळी साडेआठला, झाकण लावण्यापूर्वी, साधारणतः सत्तर पैसे असते. दुपारी कचेरीत माझाच डबा उघडून, शेजारच्या टेबलावरील भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावरून सुधारित पैसेवारी काढावी लागते. ती पंचावन्नपर्यंत उतरते. अंतिम आकडा संध्याकाळी, मुलांचे डबे घासायला घेताना कळतो. मंगळवारी थोरलीच्या डब्यात दोडक्याची भाजी जशी गेली तशीच, किंबहुना मला वाटते किंचित वाढून, परत आली होती. पैसेवारी पन्नासच्या आत आल्याचे मी प्रांजळपणे कबूल करताच तिने सवलतींची यादी मागितली. जमीन महसुलात सूट आणि परीक्षा शुल्काची माफी तिला नको होती. वसुलीस स्थगिती या सवलतीचा अर्थ मात्र तिने नीट विचारून घेतला, आणि तीन दिवस गृहपाठाची वसुली स्थगित झाली. कायद्याचे ज्ञान घरात आणू नये ते यासाठीच.

आता बुधवार.

बुधवारी सकाळी सव्वाआठला चिरंजीव आरशासमोर मान वर करून, एक नाकपुडी बोटाने उचलून, अत्यंत शास्त्रीय मुद्रेने उभे होते. मी विचारले, "काय पाहतोस?" ते म्हणाले, "मोड आलाय का ते." पुढील चौकशीत निष्पन्न झाले ते असे: आदल्या रात्री थोरलीने पुस्तकातून मोठ्याने वाचले होते की बी रुजण्यासाठी ओलावा, हवा आणि ऊब या तीन गोष्टी लागतात. चिरंजीवांनी घरभर विचार केला. फडक्यात ओलावा होता, पण ऊब नव्हती. चुलीपाशी ऊब होती, पण ओलावा नव्हता. तिन्ही एकत्र असलेली जागा त्यांना अखेर स्वतःच्या चेहऱ्यावरच सापडली. मी इतकी वर्षे निरनिराळ्या जागांचे पंचनामे केले आहेत; जागेची निवड इतकी सयुक्तिक मी क्वचित पाहिली.

भिजलेला हरभरा फुगतो, आणि फुगलेला हरभरा आलेल्या वाटेने परत जात नाही, हे कळण्यास विज्ञानाची पदवी लागत नाही. थोरलीला शाळेत सोडून मी त्याला घेऊन दवाखाना गाठला. वाटेत सौभाग्यवतींना फोन लावला. परतीची गाडी त्या वेळी खंबाटकीचा घाट चढत असावी, कारण वळणावळणाला आवाज तुटत होता. मी ओरडलो, "अगं, हरभरा नाकात गेलाय!" पलीकडून तिच्या तिकीट फाडण्याच्या आवाजाआडून शांत उत्तर आले, "गेला तर जाऊ द्या. निळ्या झाकणाच्या डब्यात आणखी आहेत." आणि फोन कटला.

डॉक्टर आमचे जुने. त्यांनी विजेरी लावून पाहिले, मान डोलावली आणि म्हणाले, "भाऊसाहेब, चिमटा नंतर पाहू. आधी एक सोपा उपाय करू, पण तो तुम्हांला करावा लागेल." उपाय असा: मुलाची मोकळी नाकपुडी बोटाने दाबून धरायची, आपले तोंड त्याच्या तोंडावर घट्ट टेकायचे आणि एकच झटका देऊन फुंकर मारायची, हवा घशामागून वळून बंद नाकपुडीत शिरते आणि आतला ऐवज बाहेर ढकलते. "याला इंग्रजीत 'आईचा मुका' म्हणतात," डॉक्टर म्हणाले, आणि मग माझ्या मिशांकडे पाहून थोडे थांबले. आई त्या क्षणी घाटातल्या गाडीत सुटे पैसे परत करीत होती. बाकावर खोकल्याचे चार रोगी, गुडघ्याची एक म्हातारी आणि आमच्याच कचेरीत वारसनोंदीसाठी तीन महिने खेपा घालणारे एक गृहस्थ बसले होते. त्या सर्वांच्या साक्षीने मी गुडघ्यांवर बसलो.

चिरंजीव तोंड उघडीनात.

मी विनविले, दटावले, गोळीचे आमिष दाखविले. ओठ मिटलेलेच. शेवटी मला उलगडा झाला. मी डॉक्टरांच्या टेबलावरचा पोलादी चमचा उचलून त्यांच्या औषधाच्या ट्रेवर दोनदा वाजविला आणि म्हणालो, "आ कर." तोंड तत्काळ उघडले. मी फुंकर मारली. पहिल्या खेपेस काही झाले नाही. दुसऱ्या खेपेस एक मऊसा आवाज होऊन, पांढऱ्या शेंड्याचा एक टपोरा हरभरा माझ्या सदऱ्याच्या खिशावर येऊन चिकटला. बाकावरून टाळ्या पडल्या. वारसनोंदीचे गृहस्थ उठून म्हणाले, "रावसाहेब, ते निघालं, आता आमचं पण काढा." मी त्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितले, आणि यात आश्चर्य एवढेच की दुसऱ्या दिवशी खरोखरच त्यांचे काम झाले. पंधरा दिवसांच्या नोटिशीची मुदत केव्हाच सरली होती, हरकत कोणाची नव्हती; कागद कोठे अडला होता, तर माझ्याच टेबलावर, डावीकडून दुसऱ्या गठ्ठ्यात. हे आपले जाता जाता सांगितले.

कचेरीत अर्ध्या दिवसाच्या किरकोळ रजेचा अर्ज करावा लागला. वर्षाला अशा रजा आठ, आणि पहिली पाळी महिन्यातून किमान एकदा. हे गणित कोणालाही करता येईल. आस्थापनेचे सहकारी कळकळीचे आहेत. ते म्हणाले, "मुलांच्या संगोपनासाठी एकशे ऐंशी दिवसांची वेगळी रजा आहे की! २०१८ सालचा शासन निर्णय आहे." मी आनंदलो. त्यांनी निर्णय काढून वाचला. ती रजा महिला कर्मचाऱ्यांना आहे. पुरुषास मिळते, परंतु पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणास खिळलेली असेल तर. सहकाऱ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मी त्यांना कळविले की सौभाग्यवतींची प्रकृती उत्तम आहे. "मग अवघड आहे," ते खरोखर हळहळून म्हणाले. तेव्हा मी साध्या रजेच्या अर्जात कारणाच्या रकान्यात "मुलाच्या नाकात हरभरा" असे लिहिले. बारनिशीच्या मुलाने अर्ज आवकला नोंदविताना विषयाच्या सदरात "कडधान्य" असे लिहून ठेवले आहे, आणि ते त्या नोंदवहीत माझ्या निवृत्तीनंतरही राहील.

त्या संध्याकाळी थोरलीच्या निरीक्षणाच्या वहीत एक पेच उभा राहिला. फडक्यात नऊ हरभरे होते आणि बाईंचा हुकूम दहांचा होता. ती सरळ नऊ लिहायला निघाली. मी तिला थांबविले. कोणतीही घट कारणाशिवाय दाखवू नये, हे दप्तरातले पहिले सूत्र. मी स्वतः तिच्या वहीत लिहून दिले: "एकूण दहा. हजर नऊ, वैद्यकीय रजेवर एक." बाईंनी त्याखाली लाल शाईने बरोबरची खूण केली.

गुरुवारी दुपारी साहेबांनी बोलावले. मी सकाळी सादर केलेली एक टिप्पणी त्यांच्या हातात होती आणि तिच्यावर हिरव्या शाईत "चर्चा करावी" असा शेरा होता. मी तुकडेबंदीच्या सर्व मुद्द्यांची मनात उजळणी करीत आत गेलो. साहेबांनी कागद उलटा केला. पाठकोऱ्या बाजूवर एक लाल एस.टी. होती, सहा खिडक्या, सहाही खिडक्यांत आई, आणि टपावर, मला वाटते, मी. आमच्या घरी कोरा कागद दिसला की तो रंगविला जातो. पिशवी रात्री उघडी राहिली असावी. मी क्षमायाचनेची वाक्यरचना जुळवू लागलो. साहेब काही न बोलता चहात साखर ढवळत होते. ढवळून झाल्यावर त्यांनी चमचा कपाच्या काठावर निथळण्यासाठी आपटला. एकदा. आणि मग पुन्हा एकदा.

"आ कर," मी म्हणालो.

खोलीत जी शांतता पसरली तिचे वर्णन मी करू शकत नाही. पंखा फिरत होता. शिपाई दारात दुसरा कप घेऊन उभा होता तो तसाच राहिला. साहेबांचे तोंड किंचित उघडले होते. ते आश्चर्याने की आज्ञापालनाने, याचा निर्णय मला आजतागायत करता आलेला नाही. नंतर त्यांनी ते मिटले, चहाचा एक घोट घेतला आणि चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "गाडीला नंबर नाही." मी म्हणालो, "होय साहेब." "नंबर टाकून फेरसादर करा." मी कागद घेऊन बाहेर आलो. चिरंजीवांनी संध्याकाळी आईला विचारून नंबर टाकला. ती टिप्पणी शुक्रवारी मंजूर होऊन आली. चित्रावरही आद्याक्षरी आहे.

शुक्रवारचे विशेष काही नाही. एक मोजा हरवला. खोडरबराच्या मालकीवरून दोन्ही मुलांत तंटा झाला, तो मी गावच्या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीच्या धर्तीवर लिहून घेतला व दोघांना पुढची तारीख दिली. धाकटा मात्र त्या दिवसापासून हाका सरळ कानाआड करू लागला. दोनदा, तीनदा बोलावले तरी ढिम्म. जवळ जाऊन उजवीकडून बोलले तरच वळे. वडिलांचा वचक एका फुंकरीत जातो, असा निष्कर्ष काढून मी गप्प बसलो. वहीचे काम तेवढे निघाले. थोरली म्हणाली, "बाबा, आज आठच आहेत." मी भाकरीच्या पिठाने भरलेल्या हाताने सांगितले, "नीट मोज, किंवा कालचेच लिही." तिने कालचेच लिहिले.

शनिवारी सौभाग्यवतींनी पाळी संपवून, उद्याची साप्ताहिक सुट्टी पदरात घेऊन, घरी येताच आठवड्याचा हिशेब मागितला. जिला रोज आगारात तिकिटे आणि रोकड रुपयाला रुपया जुळवून द्यावी लागते, तिच्यापुढे मोघम जमाखर्च चालत नाही. मोजा एक कमी: मान्य. मापटे शाळेत राहिले: मान्य. रजा अर्धी खर्ची: मान्य. हरभऱ्याची हकीकत तिने प्रथमच सविस्तर ऐकली, ती ऐकताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि हसता हसता निरीक्षणाची वही उघडून, फडके उलगडून, सवयीने बोटे फिरवू लागली.

"भिजत किती घातले होते?"

"दहा," मी म्हणालो. "मोजून."

"नाकातून निघाला तो एक. इथे आठ आहेत." तिने वहीतली ओळ वाचली, मग माझ्याकडे पाहिले, आगारातल्या तपासनीसासमोरही कोणी असा उभा राहिला नसेल. "अहो, दहावा कुठाय?"

चिरंजीव खिडकीपाशी पाठमोरे बसून गाडीला सातवी खिडकी काढीत होते. आम्ही दोघांनी त्यांना एकदमच हाक मारली.

पहिल्या हाकेला त्यांनी ओ दिली नाही.